करदोड्याचं माप

आमच्या सिस्टरबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायच्या, आधी कमरेकडे. दुसरबीडजवळच्या आमच्या गावात त्या उपकेंद्राच्या नर्स म्हणून आल्या आणि महिन्याभरातच त्यांना कळलं, की इथले गडी वजनकाट्यावर पाय ठेवणार नाहीत. वजन केलं की नजर लागते, हा आमचा शहाणपणा. पोट सुटलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा. बीपी व्हायचा तो शहरातल्या साहेबलोकांना.

मग बाईंनी आमच्याच रिवाजाला हात घातला. पोळ्याला आमच्याकडे गडीमाणसं कमरेचा करदोडा बदलतात. "जुना फेकू नका, मले आणून दाखवा," असं त्या घरोघर सांगत फिरल्या. नवा कमरेच्या मापानं तोडायला लावायच्या आणि बांधण्याआधी जुन्याशेजारी धरायच्या. दोन बोटं वाढला, की दंडाला बीपीचा पट्टा बांधलाच म्हणून समजा.

माझे वडील, अण्णा, चार बोटं भरले. "बरकत हाय सिस्टर," ते मिशीत हसले. बाईंनी बीपी दोनदा मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बरकत पोटावर हाय अण्णा, पण भार काळजावर पडून राह्यला. असंच चाललं तर एक दिवस वावरात आडवे पडसान."

असं अभद्र बोलणाऱ्या बाईशी मी आठ दिवस बोललो नाही. गाढव होतो, दुसरं काय!

अण्णांना बीपीची गोळी सुरू झाली आणि त्यानंतर बाई रोज सकाळी दारात. रामराम नाही, काही नाही, एकच प्रश्न, "गोळी घेतली का आज?" अण्णा चिडायचे, "या बाईले काही कामधंदा नाही काय बे?" पण फटफटी सोडून वावरात पायी जाऊ लागले. आईनं ठेच्यातलं मीठ कमी केलं तेव्हा घरात भांडण पेटलं. बाई न बोलावता आल्या, तोच अळणी ठेचा भाकरीशी मिटक्या मारत खाल्ला आणि निघून गेल्या. अण्णा मुकाट्यानं जेवले.

गेल्या वर्षी त्या रिटायर झाल्या. गावानं साडी-चोळी दिली, नारळ दिला. शेवटी अण्णा उठले आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत पाच वर्षांत पोळ्याला सोडलेले जुने करदोडे होते, प्रत्येक आधीच्याहून आखूड. बाईंनी ते टेबलावर ओळीनं मांडले, बोटांनी मोजले आणि त्यांना रडू आवरेना. मीही रडलो. माझा बाप या बाईनं मला परत दिला होता.

मग पदरानं डोळे पुसून त्यांनी भरसभेत विचारलं, "गोळी घेतली का आज?"

अण्णांनी मान खाली घातली. निरोपाचा कार्यक्रम तिथंच थांबला आणि मी गोळी आणायला घरी पळालो.