कमीत कमी पाच बदाम

‘दोन चौकट’ छापलेलं बोलीचं कार्ड मी डब्यातून काढून टेबलावर ठेवलं, आणि समोर बसलेल्या बायकोने लगेच टेबलावर टकटक करून “अलर्ट” म्हटलं. तोपर्यंत मी स्वतःवर फार खूश होतो. हातात सहा चौकट, बदामाचं एकच पान, बाकी भंगार. चौकट हुकूम झाली तर निभावेल, एवढाच विचार. पण अलर्ट म्हणजे ‘या बोलीचा अर्थ वेगळा आहे, हवा तर विचारा’ अशी विरुद्ध जोडीला दिलेली सूचना. ब्रिजमध्ये ती बोलणाऱ्याने नाही, त्याच्या जोडीदाराने द्यायची असते.

माझ्या डावीकडच्या निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा सारखा केला. “अर्थ काय, वहिनी?”

“कमीत कमी पाच बदाम. मला बदाम बोलायला सांगतायत.”

तेव्हा आठवलं. ती आधी ‘एक बिनहुकूम’ बोलली होती, आणि त्यावर दोन चौकट म्हणजे चौकट नव्हेच, बदाम. संकेत तिनेच मला शिकवलेला, आम्ही दोघांनी मिळून ठरवलेला. दोघांच्या सिस्टिम कार्डावर लिहिलेला. माझ्या कार्डावर तर माझ्याच अक्षरात, खाली लाल रेघ मारून.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण मालवणच्या आमच्या छोट्या क्लबात नवरा-बायकोने जोडी करून खेळावं की नाही, हे त्या रविवारी दुपारी ठरणार होतं. तक्रार हेडमास्तरांचीच. “ठरलेले संकेत कार्डार लिवतत, पण घरात ठरलेले खंय लिवतत? ह्यांचा सगळा नजरेतच चलता.” क्लबात जोडपं एकच, आम्ही. बायको शाळेत गणित शिकवते. तिला ते फार लागलं होतं. “जल्मभर पोरांची कॉपी पकडलंय, आता माकाच कॉपीवाली म्हणतत!” दुसऱ्या कुणाबरोबर खेळायला ती तयार नव्हती. कारण मी नव्हे, तत्त्व.

आता नियम असा, की जोडीदाराने केलेला खुलासा विरुद्ध जोडीसाठी असतो, आपल्यासाठी नाही. ऐकूनही न ऐकल्यासारखं वागायचं, चेहराही हलू द्यायचा नाही. आणि माझा चेहरा म्हणजे! मासळीबाजारात तो बघून बांगड्याचा भाव वाढतो, म्हणून बायको मला पुढे येऊ देत नाही.

तिने ‘दोन बदाम’चं कार्ड ठेवलं. पाळी माझी. डब्यात ‘तीन चौकट’ समोरच दिसत होतं. ते ठेवलं की सुटका. पण सुटका हवी हे मला कळलं कशावरून? तिच्या खुलाशावरून. तो ऐकलाच नसता तर मला वाटलं असतं, बदाम हिच्याकडेच भरपूर आहेत, आणि मी गप्प बसलो असतो. म्हणून मी पंख्याकडे बघत ‘पास’ ठेवलं. सचोटी म्हणून, असं सांगायला आवडलं असतं. खरं म्हणजे हेडमास्तर वीतभर अंतरावरून माझ्या भुवया तपासत होते.

बाकीचेही पास झाले, बदामाचा हुकूम ठरला. खेळायचं तिने होतं, माझी पानं टेबलावर उघडी मांडायची. मांडली. बदामाची एकटी दुर्री.

“पाच बदाम खंय आसत?” हेडमास्तर उठलेच. “ह्यो एकच मा! खोटा सांगतत!”

पंच म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आमची दोन्ही कार्डं शेजारी ठेवून वाचली. “दोन्हीकडे एकच लिहिलंय. खुलासा बरोबर, बोली चुकलेली. त्यांच्यात काय ठरलंय ते कळायचा तुम्हाला हक्क आहे, मास्तर. त्यांच्या हातात काय आहे त्याचा नाही. विसरणं हा काही गुन्हा नाही.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही तीन चौकट बोलून पळाला का नाहीत?”

“खुलासा ऐकून पळालो असतो तर ती चोरीच ना?” मी म्हटलं. आवाज अगदी शाळकरी पोरासारखा निघाला.

‘दोन बदाम’ म्हणजे तेरापैकी आठ हात करायचे होते. बायकोने तीन केले.

चहाच्या वेळी हेडमास्तर आपणहून उभे राहिले. “माझी तक्रार मी मागे घेतंय. ह्या दोघांची नजरेची भाषा असती, तर ह्यो मानूस असो बुडलो नसतो. खुशाल खेळांदेत.” सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो, आणि बायको हसत नाही हे जरा उशिरा पाहिलं.

परतताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. बाजारपेठ मागे पडल्यावर माझ्या खांद्यावरून पुढे वाकून म्हणाली, “चोर नाय म्हणान दाखलो गावलो, ता बरा झाला. पण तो तुमच्या इसरण्यार गावलो, माज्या शिकवण्यार नाय. घराक गेल्यार ता कार्ड धा येळा लिवन काढा, नि माका दाखवा.”