लाल डोळ्यांचे डायवरकाका

डायवरकाकांचे डोळे कायम लाल असत आणि ते दारूला शिवत नसत. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसायची, दुसरी फार थोड्यांना पटायची.

२०१४ साली माझी बदली वेवजीच्या शाळेत झाली, तेव्हापासून तलासरी नाक्यावरून मी त्यांच्याच टमटममधून जाऊ लागले. उजेड डोळ्यांत टोचायचा म्हणून ते काळा चष्मा लावूनच गाडी चालवत, अगदी पावसाळ्यातही. नवे प्रवासी एकमेकांना खुणावत. काकांना ते आरशात दिसे. "बसा निवांत," ते म्हणत, "मला ताडीचा वास पण सोसत नाय." त्यांचे वडील ताडीपायी गेले होते. लग्नकार्यात कोणी पेला पुढे केला तर काका तो पालथा घालून ठेवत, असं त्यांची बायको, आमची काकी, सांगायची.

डहाणूच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की सूज डोळ्याच्या आत आहे; बाहेरून काही गेलेलं नाही, शरीरच स्वतःच्या डोळ्यावर उलटलंय. गोळ्या सुरू झाल्या आणि डोळे निवळले. ते वर्षभर काका चष्म्याशिवाय गाडी हाकत होते. चालवता चालवता आम्हाला बाहेरचं दाखवायचे. अमक्या वाडीत आंब्याला मोहोर आलाय, तमक्याने घर कौलारू केलंय. जणू सगळं त्यांना नव्याने मिळालं होतं.

मग त्यांनी गोळ्या बंद केल्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बरं झाल्यावर औषध कशाला खायचं, असा त्यांचा हिशेब. काही महिन्यांत डोळे पुन्हा लाल झाले आणि मागोमाग पिवळे. झाडपाल्याचं औषध घेण्यात दिवस गेले. पोट फुगू लागलं. आता गावात कोणाला शंकाच उरली नाही.

त्यांच्या मुलीचं लग्न झाई गावात जमत आलं होतं. नवऱ्यामुलाचे मामा घरी आले, काकांकडे बघत चहा प्यायले आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, की पिणाऱ्याच्या घरची मुलगी नको. काकांनी त्या दिवशी गाडी काढली नाही.

डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायला काकीने मला वलसाडच्या मोठ्या दवाखान्यात सोबत नेलं. काकांचे भाऊ आणि दोघे शेजारीही आले होते. ते दाराबाहेर बाकावर बसले. तपासण्या बघून डॉक्टर म्हणाले, की शरीर जसं डोळ्यावर उलटलं तसंच लिव्हरवरही उलटलंय. बहुधा आधीपासूनच. डोळ्यासाठी दिलेल्या गोळ्यांनी लिव्हरची सूजही दबून राहिली होती. त्या थांबल्या आणि ती उफाळली. आता लिव्हर बरंचसं निबर झालंय.

काकांनी एकच विचारलं, "साहेब, हे दारूने नाय ना झालं?"

"नाही. दारूचा काही संबंध नाही."

"मग तेवढं जरा जोरात बोला. बाहेर आमची माणसं बसलीत."

डॉक्टरांनी उठून दार उघडलं आणि बाहेरच्यांना तेच पुन्हा सांगितलं. भावाने मान खाली घातली. परतताना काका गाडीत शांत झोपले.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण उशीर झाला होता. २०१७च्या होळीआधी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. नाक्यावरचे एक जुने डायवर रडत आले आणि त्यांनी पिशवीतून दारूची बाटली काढून काकांच्या उशाशी ठेवली. गेलेल्या माणसापुढे अशी बाटली ठेवायची पद्धत तिकडे बऱ्याच घरांत आहे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. काकी उठली. तिने बाटली उचलून त्यांच्या हातात परत दिली.

"आता तरी नको, भाऊ," ती म्हणाली.

डायवरभाऊ बाटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी ती शर्टाखाली धरली आणि कुंपणाबाहेर जाऊन बसले.