डाव्या पंखावरचे डाग

घरी विमान बांधायला काय काय लागतं, असं लोक मला अजून विचारतात. विचारणाऱ्याच्या तोंडावर आधीच हसू असतं, म्हणून मीही धड उत्तर देत नाही. पण यादी पाठ आहे. हवेवर चालणारी रिव्हेट गन, तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, दोन ड्रिल मशिनं, पत्रा कापायच्या कात्र्या, भोकांच्या कडा साफ करायचं हत्यार, बोल्ट किती आवळला ते दाखवणारा टॉर्क पाना, आणि पत्रे तात्पुरते एकमेकांना धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, त्या चारशे तरी हव्यातच. आणि दुसरा माणूस.

दुसऱ्या माणसाशिवाय रिव्हेट बसत नाही. एकाने बाहेरून गन धरायची, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर दाबून धरायचा. ठोकळा जरा कलला की रिव्हेट वाकडी होते आणि पत्र्याला पोचा येतो. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. त्याने ठोकळ्याने एकदा टक् केलं की रिव्हेट बसली, दोनदा केलं की बिघडली, काढून टाक. आमच्याकडे दोनदा टक् फार कमी वेळा झालं, कारण आत माझा थोरला भाऊ होता.

मी बावीस वर्षं आखातात होतो, विमानं दुरुस्त करायच्या हँगरमध्ये, पत्र्याच्या कामावर. दादा इथे रत्नागिरीजवळ घरी, कलमांच्या बागेत. विमानाचं वेड खरं तर दोघांनाही होतं. लहानपणी मिरजोळ्याच्या धावपट्टीकडे तोंड करून आम्ही तापलेल्या कातळावर पालथे पडून राहायचो. तिथे विमान क्वचितच यायचं, तरी पडून राहायचो. पुढे वडील गेले, आणि दोघांपैकी एकालाच बाहेर जाता येणार होतं. दादा म्हणाला, "तू जा. मी बाग बघतो." एवढंच. त्या माणसाने आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही.

परत आल्यावर मी दोन सीटच्या छोट्या विमानाचा किट मागवला. लाकडी खोक्यांमधून पत्रे, पंखाला आतून आकार देणाऱ्या फासळ्या, पिशव्या पिशव्या रिव्हेट आल्या. आंबा भरायची शेड सीझन सोडून रिकामी असते, तिथे टेबलं मांडली. पहिल्याच दिवशी मी दादाला आंब्याच्या पेट्यांच्या काट्यावर उभा केला. विमानाचा तोल काढायला शेजारी बसणाऱ्याचं वजन धरावं लागतं. एकसष्ट किलो. मी पेन्सिलीने चिऱ्याच्या भिंतीवर लिहिलं, 'दादा ६१'. तो लाजला, आणि वहिनीला हाक मारून ते दाखवलं.

ठोकळासुद्धा त्यानेच केला. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून मच्छीमार बोटीच्या जुन्या शाफ्टचा तुकडा कापून आणला आणि आठ दिवस घासून आरशासारखा केला. शेडमध्ये शिरण्याआधी तो बाहेरच्या नळावर साबणाने हात धुवायचा, कोपरापर्यंत. कामाची जागा म्हणून. मी मात्र चहाचा कप घेऊन घामाघूम तसाच आत. बावीस वर्षं एसीत काम केलेला माणूस मी, मला कोण शिकवणार?

त्याने शिकवायचा प्रयत्न केला होता, तेही सांगून टाकतो. फासळ्या जोडायच्या आधी त्यांना आतून प्रायमर मारायचा की नाही, हा प्रश्न होता. माझं मत, नको; वजन वाढतं, वेळ जातो, आणि हँगरमध्ये मी वर्षानुवर्षं चकचकीत राहिलेली अॅल्युमिनियमची कामं पाहिली होती. दादा म्हणाला, "खाऱ्या वाऱ्यात उघडं काय ठेवायचं नाय रे. होडीवाले बघ, आधी तेल पाजतात, मग पुढचं काम." मी म्हटलं, "दादा, ही होडी नाही." फासळ्या तशाच, प्रायमरशिवाय जोडल्या. कॉम्प्रेसरच्या टाकीतून रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी निघायचं, इतका ओलावा इथल्या हवेत. ते पाणी माझ्याच हाताने मी काढून बाहेर फेकत होतो.

डाव्या पंखाच्या फासळ्या लावताना पत्र्याच्या धारेने माझा उजवा अंगठा आडवा कापला गेला. दादाने हळद दाबून चिंधी बांधली. दोन दिवसांनी चिंधी काढून मी पुन्हा उघड्या हातांनी कामाला लागलो. जखमेचा आडवा व्रण राहिला, तो अजून आहे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी सकाळी शेडमध्ये गेलो, तर सगळी हत्यारं पुसून पाटावर ओळीने मांडलेली. कोयते, आंबे काढायचा घळ, करवती, आणि त्यांच्याच ओळीत माझी रिव्हेट गन, माझा टॉर्क पाना. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. डाव्या पंखाच्या पत्र्यावर दादाने कुंकवाची पाच बोटं ओढली होती. मला कसंसंच झालं. हँगरमध्ये कुणी असं केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. पण दादाचा चेहरा बघून मी नुसतं म्हटलं, उद्या पुसून टाक. त्याने दसऱ्याला मऊ फडक्याने पुसलं. मी पाहिलं होतं, नीट पुसलं होतं.

पुढे बागेला मोहर आला, फवारण्या आल्या, मग सीझन. शेडमध्ये पेट्या भरायला बायका बसू लागल्या, म्हणून पंख प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात उभा केला. पाऊस सुरू झाला आणि तो तसाच राहिला. गणपतीच्या दिवसांत उघडीप मिळाली तेव्हा मी प्लॅस्टिक सोडलं. पत्र्यावर पाच पुसट गुलाबी पट्टे होते, बोट फिरवलं की खरखरीत लागणारे. आणि टॉर्च आत मारला, तर फासळ्यांवर पांढरी भुकटी धरलेली, तिच्याखाली सुईने टोचल्यासारखे खड्डे. फासळीला असे खड्डे पडले की ती भंगारात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादा आरतीहून आला होता, वहिनी होती, मुंबईहून आलेले पाहुणे दारात उभे होते. त्या सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "कुंकवात चुना असतो, चुना पत्रा खातो, एवढी अक्कल नाही? अडाण्यासारखं देवदेव करायला ही काय बैलगाडी आहे? यापुढे तुझे हात माझ्या कामाला लावू नकोस." बोललो ते शब्द असेच होते. आता सौम्य करून लिहिण्यात अर्थ नाही.

"मी पुसलं होतं रे," दादा म्हणाला. मग त्याने टेबलावरचा ठोकळा उचलला, फडक्याने पुसला, होता तिथेच परत ठेवला आणि गेला. त्याचं घर दगडी गडग्यापलीकडे, माझ्या दारापासून वीस पावलांवर.

चार दिवसांनी मी एकटाच पंख सोडवायला बसलो. रिव्हेट ड्रिलने उडवून एकेक फासळी बाहेर काढली. उजेडात धरल्यावर दिसलं की भुकटी सरसकट नव्हती. ती ठिपक्याठिपक्यांनी होती, चार बोटं आणि एक अंगठा, फासळी उचलताना धरतात तिथेच. अंगठ्याच्या ठशातल्या रेषासुद्धा पांढऱ्या उमटल्या होत्या. आणि ठशाच्या मधोमध त्या रेषा तोडत गेलेली एक आडवी चीर होती. मी माझा अंगठा शेजारी ठेवला. दुसऱ्या फासळीवरही तोच. तिसऱ्यावरही.

माझा घाम. त्यातलं मीठ, वरून खारी हवा आणि प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला ओलावा. दादाचे हात धुतलेले असायचे, त्याची खूण कुठेच नव्हती. त्याच्या कुंकवाचे पाच पट्टे मी पॉलिशने घासले, तर अर्ध्या तासात गेले.

हँगरमध्ये एक पद्धत होती. कुठलाही दोष सापडला की वहीत लिहायचा, कोणाच्या हातून झाला ते लिहायचं आणि खाली सही करायची. बावीस वर्षांत मी माझ्या दोन-तीन चुका अशा लिहिल्या होत्या, न कुरकुरता. इथे वही नव्हती. वीस पावलं चालून जायचं होतं. मी गेलो नाही. फासळ्यांचा गठ्ठा शेडच्या मागे फेकला आणि नव्या मागवल्या.

का गेलो नाही? कारण तोवर मी वाडीभर सांगून चुकलो होतो, दादाच्या कुंकवाने पंख खाल्ला म्हणून. दुकानात, सलूनमध्ये, बसस्टॉपवर, जो भेटेल त्याला. लोकांना तर आयता विषय मिळाला. आधी मी हसण्याचा विषय होतो, 'उडालं काय कोंबडं?' म्हणून विचारायचे. आता दादा झाला. आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या हिवाळ्यात देवरूखला एका लग्नाला आम्ही दोघेही होतो. जेवणाच्या पंगतीत कुणीतरी ओरडलं, "यांना नवऱ्यामुलाच्या गाडीपासून लांब ठेवा रे, कुंकू लावतील, गाडी गंजेल!" सगळी पंगत हसली. दादाही हसला, मान खाली घालून, भातात वरण कालवत. मी त्याच्या समोरच्या ओळीत होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी जिलबी वाढून घेतली.

परत येताना माझी बायको गाडीत म्हणाली, "तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?" तिला फासळ्यांचं ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, लोकांच्या तोंडाला कोण लागणार.

नव्या फासळ्या आल्या. त्यांना मी प्रायमर मारला, हातमोजे घालून. ठोकळा धरायला मिरजोळ्याहून रोजावर एक माणूस आणला. कामाला बरा होता, पण त्याचं दोनदा टक् फार. विमान झालं. इंजिन लागलं, काच लागली, सीट बसल्या. परवानगीचे कागद अजून फिरतायत, पण तोल काढायचं काम तेवढं राहिलं होतं, आणि भिंतीवरचं 'दादा ६१' रोज दिसत होतं.

या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी एकदाचं ठरवलं. ठोकळा हातात घेतला आणि गडगा ओलांडला. दादा बागेत होता, कलमांखालचं गवत काढत. जाताना वाक्यं जुळवत होतो. आधी फासळ्यांचं सांगायचं, मग पाया पडायचं, मग म्हणायचं, चल, पूजा तूच कर, आणि सीटवर बस.

बागेत शिरल्यावर टण् टण् आवाज आला. वर पाहिलं तर फांद्यांना माझ्या जुन्या फासळ्या टांगलेल्या, दोन दोन एकत्र, वाऱ्यावर एकमेकींवर आपटणाऱ्या. माकडांना घाबरवायला. शेडच्या मागून त्याने त्या कधी उचलल्या होत्या, मला पत्ताही नव्हता. एक माझ्या नाकासमोर होती. पांढरा अंगठा, मधोमध आडवी चीर.

दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. माझ्या हातातला ठोकळा त्याने पाहिला.

"अंगठा भरला काय रे तुझा?" त्याने विचारलं.

तीन वर्षांपूर्वीची जखम. त्यानेच बांधलेली. देवरूखच्या पंगतीत भात कालवत होता, तेव्हाही याला ठाऊक होतं? मी विचारलं नाही. फासळ्यांचं आणि पाया पडायचं सोडून मी थेट शेवटच्या वाक्यावर आलो. म्हणालो, "दादा, चल. पूजा करायची आहे. तोल काढायचाय, तुला सीटवर बसायला हवं."

त्याने विळ्याची धार अंगठ्यावर तपासली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"मी कशाला?" तो म्हणाला. "वजन धरलंयस ना माझं? तेवढी वाळू भर."

आणि गवत काढायला पुन्हा खाली बसला.

दुपारी मी गोणीत वाळू भरली, आंब्याच्या काट्यावर ठेवली, मूठमूठ घालून काटा एकसष्टवर आणला. गोणी उचलून शेजारच्या सीटवर ठेवली. ती एका बाजूला कलंडत होती, म्हणून तिला पट्टा बांधला. मग माझ्या सीटवर चढून बसलो. उघड्या दारातून बागेतल्या फासळ्या ऐकू येत होत्या.