आमच्या ऑफिसात कोणी सोडून जात नाही

सीएच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से लवकर साठतात. फायली निदान रद्दीत घालता येतात, किस्से कोणी घेत नाही! आमचं ऑफिस पनवेलला, एसटी स्टँडजवळ. मी आणि पाटील, दोघे पार्टनर. माणसं शिकून तयार झाली की खारघरच्या मोठ्या ऑफिसांत पळतात. त्यांना थांबवायला आम्ही काय काय केलं, ते सांगताना आता मान खाली जाते.

*

पगार वाढवणं पाटलांच्या अगदी जिवावर यायचं. म्हणून कोणी राजीनामा दिला की ते त्याला हुद्दा द्यायचे. सहा जणांत चार 'हेड' झाले! एक क्लायंट म्हणालाच, "साहेब, सगळेच हेड, मग काम कोण करतं?"

"सुजाता!" चारही हेड एका सुरात म्हणाले.

*

मग पाटलांनी 'फॅमिली डे' काढला. केकवर लिहून आणलं, 'आपण सगळे एक कुटुंब'. नेमका त्याच दिवशी नितीन हेडने राजीनामा दिला. पाटील हळवे झाले. "अरे, कुटुंब कोणी सोडतं का?"

"सर, वाटण्या काय घरात होत नाहीत?" नितीन म्हणाला. केक मात्र खाऊन गेला.

*

माणूस गेला की मागोमाग क्लायंटही जातो. म्हणून आमचा नियम ठरला, गेलेला माणूस 'रजेवर आहे' असं सांगायचं. उलव्याचा एक बिल्डर कधीही फोन करो, नितीन रजेवरच! शेवटी तो म्हणाला, "तुमच्याकडे रजा भरपूर दिसते हो. आमच्या पोराला घ्या ना चिकटवून!"

*

खरी रजा मागितली ती सुजाताने. मूल व्हावं म्हणून तिची ट्रीटमेंट चालू होती आणि डॉक्टर शनिवारीच भेटायचे. फक्त अर्धा दिवस हवा होता. "रिटर्नचा सीझन आहे गं," मी म्हणालो. पाटलांनी तिला पाचवी हेड केलं. पुढच्याच महिन्यात ती गेली.

*

गव्हाणच्या जनाकाकूंचा मासळीचा धंदा. त्यांची सगळी कामं सुजाताच करायची. सुजाता गेल्यावर सात-आठ महिन्यांनी त्या ऑफिसात आल्या. "आमची सुजाता कुठं हाय? दिसत नाय ती."

"रजेवर आहे."

"इतके दिस? कसली रजा?"

एवढी मोठी रजा दुसरी कुठली असते? माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळंतपणाची."

काकूंनी तिथेच हात जोडले. "आई एकवीरा पावली गो!" डोळे पुसत पुसत त्या गेल्या. मला लाज वाटली. आणि क्लायंट टिकला म्हणून बरंही वाटलं, याची जास्त लाज वाटते.

चार दिवसांनी सुजाताचा फोन. "सर, जनाकाकू घरी आल्या होत्या. डिंकाचे लाडू आणले. झबलं आणलं."

मी उठून केबिनचं दार लावलं.

"घाबरू नका सर, तुमचा क्लायंट कुठे जात नाही," ती म्हणाली. "आत बाळ झोपलंय म्हणून सांगितलं मी. काकू दारातूनच गेल्या, पाय न वाजवता."