धोंडोबुवांची फटफटी

फटफटीला किक मारण्याआधी धोंडोबुवा डोक्यावरचं पागोटं काढून माझ्या मांडीवर ठेवत. वाऱ्याने ते एकदा भाटघरच्या पाण्यात उडालं होतं, तेव्हापासूनची ही रीत. मी फटफटीला बाजूने जोडलेल्या डब्यात बसलेला असे. पायांत पेटी, खिशात बुवांची झांज, मांडीवर पागोटं. बुवा उपरणं कमरेला घट्ट बांधत, धोतराचा सोगा वर खोचत, हात जोडत आणि मग किक मारत. एका किकेत गाडी सुरू झाल्याचं मला आठवत नाही. तिसऱ्या-चौथ्या किकेपर्यंत ते हरीचं नाव घेत. त्यानंतर ज्यांची नावं घेत, त्यांत देव नसत.

बुवा भोरचे कीर्तनकार. अंगकाठी उंच, वर्ण काळासावळा, आवाज असा की देवळाच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळावा. मी संस्थानच्या कचेरीत कारकून होतो आणि त्यांच्या कीर्तनाला पेटीवर साथ करत असे. आसपासच्या गावांत उत्सव असला की पूर्वी आम्ही बैलगाडीने जात असू. पहिल्या महायुद्धानंतर फौजेने विकायला काढलेली एक जुनी फटफटी, डब्यासकट, बुवांनी पुण्याहून आणली आणि भोरमध्ये हाहाकार उडाला. हरदासाने फटफटीवर बसावं की नाही यावर पारावर आठवडाभर चर्चा झाली. बुवा म्हणाले, "नारद तीनही लोक फिरायचे ते काय छकड्यातून?" चर्चा तिथेच संपली.

मी सांगतो त्या काळात ती गाडी वीस वर्षांची झाली होती. तिचा पट्टा तुटे, दिवा विझे, आणि कापूरहोळच्या चढावर ती हमखास बसे. बुवांना त्याचं काही नसे. "थांबली तर विश्रांती, चालली तर कृपा," असं म्हणून ते खाली उतरत. घाई मात्र त्यांना मुळीच खपत नसे. "जो घाई करील तो ढकलील," हा त्यांचा नियम होता. ढकलत नेहमी मीच असे.

त्या वर्षी थंडीत पुण्याच्या काही हौशी मंडळींनी वेल्ह्याला तोरण्याच्या पायथ्याशी फटफटीवाल्यांचा मेळावा भरवला. शनिवार-रविवार तंबूत राहायचं, शर्यती लावायच्या, शेकोटी करायची. जुन्या गाड्यांना खास आमंत्रण होतं. शिवाय बुवांनी शनिवारी रात्री शेकोटीपुढे कीर्तन करावं अशी त्यांची विनंती होती. बुवा इतके खूश झाले की त्यांनी गाडीला दोनदा आंघोळ घातली. आमच्या तबलजीने मात्र, "मला बायको-मुलं आहेत," एवढंच सांगून येण्याचं नाकारलं. काकूंनी, म्हणजे बुवांच्या पत्नीने, आपली लोकरीची शाल बुवांच्या अंगाभोवती गुंडाळली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रस्त्यात त्यांच्याकडे लक्ष ठेव हो. अलीकडे भलतंच ऐकतात." मी हसलो. त्या गाडीच्या फटफटाटात कुणालाही भलतंच ऐकू आलं असतं.

आम्ही सकाळी निघालो. कापूरहोळला गाडी बसली, मी ढकलली. नसरापूर ओलांडून आम्ही वेल्ह्याच्या वाटेला लागलो. तो रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. थंडी एवढी की माझे दात पेटीच्या आधी वाजायला लागले होते. एका वळणावर गुरं घेऊन निघालेला शेतकरी हात वर करून ओरडला, "बुवा, म्होरं वड्यात पानी हाय! बेतानं जावा!"

बुवांनी गाडी न थांबवता प्रसन्न चेहऱ्याने हात हलवला. "नको रे बाबा! आज एकादशी!"

मी "बुवा, ओढा! ओढा!" असं ओरडेपर्यंत आम्ही ओढ्यात होतो. डब्यात गुडघाभर पाणी शिरलं. पेटी मी डोक्यावर धरली, पागोटं दातांत धरलं. मधोमध गाडीने एक सुस्कारा सोडला आणि ती शांत झाली. मागून तो शेतकरी धावत आला. त्याने आपले दोन बैल लावून आम्हाला बाहेर काढलं आणि मला विचारलं, "म्या पानी हाय म्हनलो, तर ह्ये एकादस कशापायी म्हनले?"

"त्यांना वाटलं, तुम्ही वडे देताय."

तो बिचारा ओशाळला. "वडं न्हाईत वो. भाकर हाय. देऊ का?"

गाडी कशीबशी पुन्हा सुरू झाली आणि मी ओल्या कपड्यांनिशी मेळाव्याला पोचलो. माळावर वीसेक गाड्या चकाकत उभ्या होत्या. पुण्याच्या मंडळींनी तंबूंत खुर्च्या, टेबलं, स्टोव्ह, गाद्या, आरसे असा संसार थाटला होता. मेळाव्याचे चिटणीस दामले नावाचे गोरेपान गृहस्थ होते. ते लगबगीने पुढे आले आणि आमच्या गाडीकडे कौतुकाने बघत म्हणाले, "वा, बुवा! कोणत्या सालची?"

"घरच्या मंडळींची," बुवा शाल सारखी करत म्हणाले. "ऊबदार आहे."

दामले मोठ्याने हसले. त्यांना तो विनोद वाटला. मलाही वाटला, कारण बुवा कधी गंमत करतील याचा नेम नसे.

दुपारी हळू जाण्याची शर्यत होती. जो सर्वांत शेवटी रेघ ओलांडेल तो जिंकला, पण शिट्टी होईपर्यंत गाडी थांबता कामा नये आणि पाय जमिनीला लागता कामा नये. ही शर्यत बुवांसाठीच निर्माण झाली होती. ते पागोटं घालून ताठ बसले आणि देवाच्या पालखीच्या चालीने निघाले. अर्ध्यावर एक बैल माळावर शिरला. दामल्यांनी जोरात शिट्टी फुंकली. सगळ्या गाड्या थांबल्या. बुवा थांबले नाहीत. त्यांनी रेघ ओलांडली, तंबू ओलांडले, स्वयंपाकाच्या चुली ओलांडल्या आणि ते त्याच संथ गतीने गावाच्या दिशेने चालले. लोक पोट धरून हसत होते. कुणी टाळ्या वाजवल्या.

मी मागे पळालो. गाडी एवढी हळू होती की मी सहज जवळ पोचलो. "बुवा!" मी हाक मारली. पुन्हा मारली. त्यांच्या पाठीपासून चार हातांवर होतो मी. इंजिनाचा आवाज तेव्हा इतका मंद होता की वरच्या झाडातले पोपट मला ऐकू येत होते. बुवांनी मान वळवली नाही. शेवटी मी पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा ते थांबले आणि आनंदाने म्हणाले, "जिंकलो का रे?"

"जिंकलात," मी म्हणालो.

दसऱ्यापासून कीर्तनात त्यांचा सूर उतरतोय हे मला जाणवत होतं. मी समजत होतो, घसा बसलाय. ज्येष्ठमधाच्या कांड्याही आणून दिल्या होत्या. दुखणं घशाचं नव्हतं, कानाचं होतं.

त्या संध्याकाळी तोरण्यावरून असं वारं सुटलं की शेकोटी पेटेना. कीर्तन सकाळवर ढकललं गेलं आणि सगळे जेवून तंबूत शिरले. बुवा काकूंच्या शालीत गाढ झोपले. मला झोप आली नाही. रामनवमीला भोरच्या राममंदिरात बुवांचं कीर्तन ठरलेलं असे. त्यांच्या वडिलांपासूनचा तो मान. समोर संस्थानचे अधिकारी, शास्त्री, गाण्यातले दर्दी. तिथे सूर गेला तर लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण बाहेर पडल्यावर हसतील. बुवांवर कुणी हसलेलं मला चालणार नव्हतं. आणि त्यांना सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

रविवारी उन्हं आली तशी वेल्ह्याची माणसंही जमली. बायका कडेला पोरं घेऊन बसल्या. बुवांनी नमन धरलं. मी काळी दोनवर सूर दिला होता. थोड्याच वेळात ते खाली सरकले. ठरल्या सुरात लावलेला तबला नव्हता, त्यामुळे पट्टी बदलायला मला वाव होता. मी हळूच एक पट्टी उतरून पांढरी दोनवर आलो. आख्यान होतं मारुतीने डोंगर आणल्याचं. बुवा रंगात आले होते. "मारुतीला औषधाची मुळी ओळखता आली नाही, म्हणून त्याने डोंगर उचलला," ते तंबूंकडे हात करत म्हणाले, "आणि तुम्हाला एका रात्रीला काय लागतं ते ओळखता आलं नाही, म्हणून तुम्ही घर उचललंत!" पुण्याची मंडळी हसून लोळली. मारुती परत निघाला तेव्हा बुवा आणखी उतरले. मीही उतरलो. कुणालाही काही कळलं नाही. आरतीनंतर गावच्या पाटलांनी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. "लई ग्वाड झालं, बुवा," ते म्हणाले.

परतताना नसरापूरच्या अलीकडे बुवांनी एका बाभळीखाली गाडी थांबवली. बंद पडली नव्हती, त्यांनी स्वतः बंद केली. हे नवीन होतं.

"गजानन," ते समोर बघत म्हणाले, "सुरुवात काळी दोनवर केलीस. मारुती उडाला तेव्हा तू पांढरी दोनवर होतास. डोंगर खाली ठेवला तेव्हा काळी एकवर." मग माझ्याकडे वळले. "मी बोटं बघत होतो तुझी. हललास तू, की मी?"

मी म्हणालो, "तुम्ही, बुवा."

"काय?"

"तुम्ही!"

"मोठ्याने बोल रे!"

मग मी ओरडलो. आयुष्यात ज्या माणसापुढे कधी आवाज चढवला नाही, त्याच्या तोंडावर भर रस्त्यात बोंबलून सांगितलं, "बुवा, तुमचा सूर जातोय! तुम्हाला ऐकू येत नाही! शिट्टी ऐकू आली नाही! ओढा ऐकू आला नाही!" आणि मला रडू कोसळलं.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई वाटेत थबकली होती. ती माझ्यावरच धावून आली. "आरं ए! बापाच्या वयाच्या मान्साला वरडतोस व्हय? लाज न्हाई वाटत? आन् वर रडतोस!"

"वरडू द्या, माय," बुवा तिला म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. पोरगं चांगलं हाय." ती पुटपुटत निघून गेली. काकूंची शाल बुवांनी कानांवरून काढून खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "आंधळा गायक चालतो रे. लंगडा चालतो. बहिरा गायला लागला की शिक्षा लोकांना." ते खाली उतरले आणि किक मारायला लागले. त्या दिवशी ते कुणाचंच नाव घेत नव्हते. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ढकलली.

घरी काकूंना सांगितलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मला कधीचंच ठाऊक आहे. मीठ आणा म्हटलं की पीठ आणतात. मी आपली पिठाचे दोन डबे भरून बसलेय."

बुवा महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी कचेरीत येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि सगळ्या कारकुनांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी बोलणार. तू गाणार."

"बुवा, मला गाता येत नाही!"

"आजपासून तालीम," ते म्हणाले. माझं वाक्य त्यांना ऐकू आलं नव्हतं, की त्यांनी ऐकलं नाही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

रामनवमीला मंदिर भरलं होतं. बुवा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, माझे कान गेले आहेत. आता कथा मी सांगेन आणि पदं गजानन म्हणेल. ज्यांची तक्रार असेल त्यांनी ती मोठ्याने करावी. हळू केलेली मला पोचत नाही." आधी पुढच्या रांगेतले एक वृद्ध शास्त्री हसले, आणि त्यांच्यामागून सारं मंदिर हसलं. ते त्यांच्यावर हसणं नव्हतं.

असे आम्ही पुढे कितीतरी वर्षं हिंडलो. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं तशी फटफटी गेली आणि पुन्हा बैलगाडी आली. स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षी बुवा गेले. झोपेतच गेले. त्यांच्यामागे मी पेटीला हात लावला, गळ्याला मात्र कधी लावला नाही.

कारण माझं गाणं काय लायकीचं होतं हे मी जाणून होतो. त्या पहिल्या रामनवमीला तर माझा आवाज दोनदा फाटला, एकदा शब्द विसरलो, आणि पाळण्याच्या पदात मी इतका वर चढलो की उतरायला वाट सापडेना. मागच्या बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. बुवा माझ्या शेजारी झांज धरून उभे होते. माझ्या ओठांकडे एकटक बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कीर्तन संपल्यावर मी त्यांच्या पाया पडलो आणि मान वर करायची मला लाज वाटली. त्यांनी मला उठवलं, जवळ घेतलं.

"गजानन," ते म्हणाले, "काय सुरेल गायलास रे!"