लाथमावशीचा उजवा पाय

लाथमावशी कोणाच्याही अंगाला हात लावत नसे. माणसांशी तिचा जो काही संबंध होता तो उजव्या पायानं. आईच्या पोटातून ती पायाकडून आली होती, म्हणजे पायाळू होती, आणि पायाळू माणसानं लाथ मारली की भरलेली उसण उतरते यावर पिंपळगाव राजातल्या झाडून साऱ्या लोकांचा विश्वास होता. कोणाच्या कमरेत चमक भरली, कोणाची मान आखडली, कोणाच्या पोटरीत रात्री पेटके येऊ लागले, की तो सकाळी मावशीच्या दारात पाठ करून उभा. मावशी भाजीची पाटी खाली ठेवायची, लुगडं जरा वर खोचायची आणि हाणायची. तेव्हा तिच्या तोंडावर जो भाव असे, तो मी झुरळ मारणाऱ्या बाईच्या तोंडावर पाहिला आहे.

मी त्या गावात सून म्हणून गेले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. माहेर माझं डोणगावचं. शाळा सहावीतच सुटली होती. लग्न झालं आणि दोन महिन्यांत हे भिलाईला कारखान्यात लागले, वर्षातून एक-दोनदा सुट्टीला येत, म्हणून एरवी घरात सासूबाई आणि मी दोघीच. आमच्या घराची आणि मावशीच्या घराची भिंत एकच होती. मागे तिचे वांग्या-मिरच्यांचे वाफे. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. अंगणाच्या कुडाआडून मला रोज सकाळी तिच्या दारातली ती रांग दिसे.

गावाबद्दल मावशीचं मत एकच होतं आणि ते तिनं कधी लपवलं नाही. म्हणायची, "माणूस वाकला का त्याची अक्कल खाली सांडते. मंग ते कोणी उचलतबी नाही." एक मोठे पाटील होते. शे-दीडशे एकराचे धनी. त्यांच्या ओसरीवर भाजी द्यायला गेलं तर मावशीला पाटी घेऊन पायरीखाली उभं राहावं लागे, आणि पाणी मागितलं तर वरून ओंजळीत. पण कंबर धरली की हेच पाटील डोक्यावरून उपरणं घेऊन, कोणी पाहिलं नाही अशा समजुतीनं, उजाडायच्या आत तिच्या अंगणात येऊन ओणवे होत. सारं गाव पाहत असे. मावशी म्हणे, "या गावात पाटलाच्या कंबरड्यात लाथ घालाचा हक्क एकट्या मलेच हाये. सरकारलेबी नाही."

पेटकेवाल्यांना मात्र लाथ लगेच मिळत नसे. त्यांना मावशी आधी भिंतीशी उभं करायची. दोन्ही हात भिंतीवर, एक पाय पुढे, एक मागे. मागच्या पायाची टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, आणि पोटरी तणावेपर्यंत भिंत ढकलायची. मग पाय बदलून तसंच. मावशी तोवर एक वाफा खुरपून यायची. मग तांब्याभर पाणी पाजायची आणि त्यानंतर ती लाथ. जाताना सांगायची, रोज झोपायच्या आधी घरी अशीच भिंत ढकलायची, खंड पाडला तर लाथेचा गुण उतरतो. पेटके कमी झाले की माणूस गावभर लाथेची कीर्ती सांगत हिंडे. भिंतीचं नाव कोणी काढत नसे.

मी एकदा कुडावरून तिला भीत भीत विचारलं, की मावशी, गुण लाथेचा का भिंतीचा? ती म्हणाली, "नुसतं भिंत ढकला म्हणलं तं करन का कोणी? लाथ लागते त्यायले." मग म्हणाली की दिवसभर वाफ्यात उकिडवं बसून तिच्याच पोटऱ्यांत रात्री गोळे येतात, आणि स्वतःच्या पोटरीला स्वतः लाथ कशी मारणार? तेव्हा तिनं भिंत शोधून काढली. ते खरंच होतं. रात्री कधी जाग आली तर पलीकडून तिचं धडपडत उठणं ऐकू येई, आणि मग स्वतःच्याच पायाला घातलेल्या शिव्या. "ऊठ बे, हरामखोरा. दिवसा झोपतं अन् रातच्यानं नाचतं काय." स्वतःच्या पायालाही तिनं गावापेक्षा जास्त मान दिला नाही.

पहिल्या वेळी माझे दिवस पुरे भरले नव्हते. पाचव्या महिन्यात सगळं गेलं. दुसऱ्या वेळी सातवा लागला आणि एका रात्री माझ्या डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी अंथरुणातच ओरडले. पोटरी दगडासारखी झाली होती. मला वाटलं, झालं, हेही चाललं. दुसऱ्या रात्री उजव्या पायात. सासूबाईंनी उशाशी विळा ठेवला, पायाला काळा दोरा बांधला. त्या वाईट नव्हत्या. त्याही माझ्याइतक्याच घाबरल्या होत्या, फक्त माझं घाबरणं गप्प होतं आणि त्यांचं बोलकं. तिसऱ्या सकाळी शेजारच्या दोन बायका सोबत घेऊन त्यांनी मला मावशीच्या अंगणात उभं केलं आणि सांगितलं, हिच्या पोटरीला हळू लाथ लावा.

मावशीनं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "पोटुशीले लाथ मारू? डोकं ठिकाण्यावर हाये का तुमचं?"

सासूबाई म्हणाल्या, मारू नका, नुसता पाय टेकवा, पायाळूच्या पायात गुण असतोच. मावशीनं मला ओट्यावर बसवलं, आणि ती खाली बसली. तिनं माझे दोन्ही पाय हातात घेतले. तिचे हात मातीनं खरखरीत होते. तिनं दोन्ही पोटऱ्या चाचपल्या. एकच पाय सुजला आहे का, लाल झाला आहे का, तापला आहे का, ते पाहिलं. मग म्हणाली, तसं असतं तर आत्ताच्या आत्ता बैलगाडीत घालून खामगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. हा नुसता पेटका आहे. ओझं वाहणाऱ्या पायाला येतो.

"अन् हे आयकून घ्या साऱ्याजणी," ती उठत म्हणाली, "या पायात काही नाही. लाथेनं कधी कोणाचं काही उतरलं नाही."

सासूबाईंचा चेहरा पडला. "आमच्याच सुनेच्या वक्ताले आटला काय वो तुमचा गुण?"

"आटला नाही. कधी नव्हताच."

दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी मावशीच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. लोकांना फसवलं गेल्याचा राग आला असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच की म्हातारीचा गुण गेला. इतकी वर्षं लाथा खाऊन ज्यांनी काही शिकून घेतलं नव्हतं, ते एका खऱ्या वाक्यानं काय शिकणार होते? पाटील तर कोणी सांगितलं म्हणून एष्टीनं चिखलीला दुसऱ्या पायाळूकडे गेले आणि येता-जाताच्या धक्क्यांनी कंबर आणखी मोडून आले. सासूबाईंनी मावशीला बजावलं, काही वाईट झालं तर तुमच्या डोक्यावर. ती म्हणाली, होऊ दे माझ्या डोक्यावर, तिथं तशीही रोज पाटीच असते.

त्यानंतर ती रोज दिवेलागणीला यायची आणि मला भिंतीशी उभं करायची. "पाय हायेत का तुराट्या? टाच टेकव. पोट भिंतीले नको लावू, ते काही तुह्या एकटीचं नाही." पाणी पुरेसं पीत नाही म्हणून बोलायची. गोधडी पायाशी कोंबून झोपते, त्यानं पंजे खाली दबतात, म्हणून बोलायची. पेटका आलाच तर पंजा पुढे ताणायचा नाही, बोटं नडगीकडे ओढायची आणि गुडघा सरळ ठेवायचा, हे तिनं मला इतक्यांदा आणि इतक्या तुच्छतेनं सांगितलं की मी झोपेतही विसरले नसते. पेटके अगदी थांबले नाहीत, पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले. मी उठून भिंत ढकलू लागले की पलीकडून आवाज येई, "कोणता पाय?" मी सांगे, डावा. "टाच टेकव." तेवढ्या आवाजावर मी ते दोन महिने काढले. आई डोणगावला, नवरा भिलाईला, आणि भिंतीपलीकडे ही.

मुलगी जिवंत आणि धड झाली. पण दाईला घाम फुटला होता, कारण पोर पायाकडून आली. पेटक्यांचा आणि याचा काडीचा संबंध नाही, हे पुढे इथे भिलाईला आल्यावर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सांगितलं. गावाला मात्र क्षणात उलगडा झाला. मावशीचा गुण गेला कुठं? पोरीत गेला. म्हणूनच ती म्हणाली होती पायात काही नाही.

दहाव्या दिवशी शेजारची एक बाई आखडलेली मान घेऊन आली. मग कोणी खांदा, कोणी पोटरी. माझ्या मांडीवरच्या पोरीचा पाय धरून ते आपल्या पाठीला लावत. सासूबाईंना अभिमान वाटू लागला, त्यांनी पाळणा दाराजवळ आणला. मला ते नको वाटे, पण तोंड उघडायची सवय नव्हती. महिना झाला असेल, तेव्हा भर उजेडात, सर्वांदेखत, पाटील स्वतः आले. माझ्या पोरीसमोर येऊन ओणवे झाले.

मावशी पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. ती आत आली. पाटी ठेवली.

"पाटील, इकडं वाका."

पाटील तसेच वाकलेले म्हणाले, तुम्हीच तर सांगितलं की पायात काही नाही.

"पोटुशी बाई होती समोर, म्हणून खोटं बोलली. पायाळूचा गुण पायाळू जित्ता असेपर्यंत दुसरीकडं जात नाही. मी मेली का?"

आणि तिनं हाणली. आयुष्यात कोणाला हाणली नसेल अशी. पाटील दोन्ही हातांवर अंगणात पडले. थोडा वेळ तसेच राहिले, मग उठले, कंबर इकडे-तिकडे फिरवून पाहिली आणि म्हणाले, उतरली. जमलेल्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून रांग पुन्हा मावशीच्या अंगणात.

इतक्या कष्टानं बोललेलं खरं तिनं एका लाथेत मागे घेतलं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "चिठ्ठी धाड नवऱ्याले. पोरीले घेऊन जाय इथून. मी मेली का हे लोक पुन्हा हिच्यापाशी येतीन." मी म्हटलं, मावशी, लोक मान देतात तुम्हाला. ती म्हणाली, "साठ वर्सं लोकायच्या पाठीच पाह्यल्या म्या. तोंड दाखवाले कोणी येत नाही."

हे येऊन आम्हाला घेऊन गेले. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागे घेतले आणि म्हणाली, तूबी तशीच निघाली काय वं. ती गेल्याचं पत्र दोन वर्षांनी आलं. मी ते रेशनच्या रांगेत उभी राहून वाचलं, आणि माझा नंबर गेला तरी मला कळलं नाही.

माझी मुलगी इथं प्राथमिक शाळेत शिकवते. ती पायाळू आहे हे तिला मी सांगितलं आहे, दुसऱ्या कोणाला नाही. तिच्या वर्गात चाळीस पोरं आहेत, आणि सगळी तिच्याकडे तोंड करून बसतात.