आवाज जरा कमी करा

नोकरीसाठी रोज अमरावती-अकोला अप-डाऊन करणाऱ्या माणसाला पगार महिन्यातून एकदा मिळतो, किस्से मात्र रोज मिळतात! घरी सांगायला जावं तर बायको म्हणते, "आधी दूध आणलं का ते सांगा." त्यामुळे ते साचत जातात. आज थोडे मोकळे करतो, नाहीतर माझं पोट फुटायचं.

आमचं एसटीतलं मंडळ लहानच आहे. अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवणारे वानखडे सर, तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्या राऊत मॅडम आणि मी. मी सरकारी कार्यालयात आहे, म्हणजे काय करतो ते विचारू नका. आम्ही तिघं अमरावतीला चढतो. मूर्तिजापूरला सुभद्रामावशी चढते. टोपल्यात घरच्या मळ्यातली वांगी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन ती अकोल्याच्या बाजारात बसते. कंडक्टर गजाननभाऊ स्वतःला मंडळात धरत नाहीत, पण अध्यक्ष तेच आहेत.

*

वानखडे सरांना रील्सचा नाद. इयरफोन लावला की कान दुखतो म्हणतात, म्हणून सगळ्या गाडीचे कान दुखवतात. त्यातही एकही रील पूर्ण बघायची नाही. दोन शब्द ऐकले की अंगठा वर. प्रत्येक रीलमागे तेच ते खिदळणं! मी आधी खोकून पाहिलं, मग खिडकीबाहेर बघत मोठ्याने उसासे टाकले. शिकलेल्या माणसाचा निषेध एवढाच असतो.

मावशीने पहिल्याच दिवशी निकाल लावला. मागच्या सीटवरून वाकून म्हणाली, "सर, तुमच्या फोनाले कोनी गुदगुल्या करून राह्यलं काय? आवाज कमी करा जरा."

तेव्हापासून मूर्तिजापूर आलं की सर आपोआप आवाज कमी करतात. शाळेत त्यांच्या नावाने पोरं चळाचळा कापतात म्हणे.

*

आता जागेचं सांगतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे. मावशीकडे रुमाल नसायचा. तिने एकदा खिडकीतून सीटवर कोबीचा गड्डा ठेवला आणि टोपलं चढवायला दाराकडे गेली. तेवढ्यात एक परगावचे साहेब आले, कोबी उचलून शेजारी ठेवला आणि बसले.

मावशी आली. ओरडली वगैरे काही नाही. तिने तो कोबी उचलला, साहेबांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "जागा याची हाय. आता तुमीच याले घेऊन बसा."

साहेब अकोल्यापर्यंत कोबी सांभाळत बसले. मावशी त्यांच्या शेजारी, खिडकीत. उतरताना त्यांनी तो विकतच घेतला. तेव्हापासून मावशीची जागा आम्ही अमरावतीहूनच रुमाल टाकून धरून नेतो. भाजीची नासाडी नको.

*

राऊत मॅडमचा वेगळाच जाच. त्या रोज सकाळी मोबाइलवर आदल्या रात्रीची मालिका बघतात आणि बडनेरा सोडलं की नेमकी रेंज जाते. नायिका म्हणते, "आज मी सगळ्यांना सांगणार आहे की..." आणि पडद्यावर गोल चक्कर फिरत राहतं! मूर्तिजापूर येईपर्यंत मॅडमचं बीपी वाढलेलं.

एकदा गजाननभाऊंनी तिकिटं फाडता फाडता पुढची गोष्ट स्वतःच सांगून टाकली. त्यात सासू वेषांतर करून आली, नायक तुरुंगात गेला आणि नायिकेने सरळ तलाठ्याची नोकरी धरली. ड्रायव्हरसुद्धा मान मागे करून ऐकायला लागला, तेव्हा आम्हीच गोष्ट थांबवली. दुसऱ्या दिवशी मॅडमने खरा भाग बघितला आणि तोंड पाडून म्हणाल्या, "यात काही दम नाही. भाऊ, तुमचं पुढं काय झालं?"

*

मग एक दिवस मॅडमने नवीन शोध लावला. म्हणाल्या, आपण जे बोलतो ते हा फोन ऐकतो आणि त्याच्याच जाहिराती दाखवतो. सरांनी पाठदुखीचा विषय काढला की संध्याकाळी पट्टे दिसतात! खरं खोटं देव जाणे, पण मावशीला हे फार पटलं. तिने मॅडमच्या हातातून फोन घेतला, तोंडाशी धरला आणि बाजारातल्या सुरात बोलली, "सुभद्राबाईचे वांगे घ्या. काटेरी, कवळे, आंदर कीड नाई."

दुसऱ्या दिवशी चढताचढता तिने विचारलं, "आली काय मायी जाहिरात?"

जाहिरात आली नव्हती. पण मॅडमनेही रात्री हौसेने वांगी शोधली असणार, कारण फोनवर वांग्याच्या भाजीचे ढीगभर व्हिडिओ येऊन पडले होते. भरली वांगी, मसाला वांगी, विदेशी वांगी. मॅडमने त्यातला एक लावला. पुण्यातल्या चकचकीत स्वयंपाकघरात एक तरुण बाई गोड आवाजात म्हणत होती, "नमस्कार मैत्रिणींनो, आज आपण करणार आहोत वऱ्हाडी रोडगे आणि वांग्याची भाजी, तेही एअर फ्रायरमध्ये!"

सरांनी सवयीने मावशीकडे बघितलं. आता ओरडा बसणार. मॅडमने घाईने आवाज कमी केला.

मावशी म्हणाली, "वाढवा."

आम्हाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आवाज वाढवा जरा. मायी पोरगी हाय ते."

आम्हाला मावशीचा मुलगा माहीत होता, सून माहीत होती, गाभण म्हैससुद्धा माहीत होती. मुलगी कधी बोलण्यात आली नव्हती. हळूहळू कळलं. मीनाने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मावशीने तिला सांगितलं की आता या दारात पाय ठेवू नको. मुलगीही आईवरच गेलेली, तिने खरंच ठेवला नाही. फोन नाही, निरोप नाही. नातवाच्या बारशाचं मावशीला लोकांकडून कळलं.

एवढं सांगून ती पुन्हा पडद्यावर वाकली. मीना त्या डब्यातून कणकेचे रोडगे काढत होती, पांढरे, गुळगुळीत, विस्तवाचा एक डाग नाही. मावशीचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, "याले रोडगे म्हंते काय? गोवऱ्यायचा इस्तो कोठी हाय?"

*

त्यानंतर मंडळाचा कार्यक्रमच बदलला. मूर्तिजापूर ते अकोला रोज मीनाचे व्हिडिओ. सरांनी रील्स सोडले, मॅडमची मालिका अडकून पडली. मावशी प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायची. मागे कुठे पाळण्याची दोरी दिसली तर ती तेवढी जागा थांबवायला लावायची.

फोन कर, असं आम्ही तिघांनी आळीपाळीने सांगून पाहिलं. "मी काहून करू? म्याच हाकललं, म्याच बलाऊ काय?" शेवटी गजाननभाऊ म्हणाले, खाली कमेंट टाकता येते, त्यात बोलावणं थोडंच आहे, रोडग्याबद्दल लिहा.

हे मावशीला चाललं. तिने सांगितलं, मॅडमने टाइप केलं. मॅडमना सुरुवातीला 'खूप छान, ताई' घालायचं होतं, फुलंही टाकायची होती. मावशीने सगळं पुसायला लावलं. शेवटी एवढंच गेलं: "रोडगे गोवऱ्यायच्या इस्त्यात भाजतेत, डब्ब्यात नाई. एवढं शिकवलं, सारं पान्यात गेलं."

राऊत मॅडमच्या नावाने आणि त्यांच्या गुलाबाच्या फोटोसकट! मला लाज वाटली. अनोळखी बाईला कोणी असं बोलतं का?

मग वाट बघणं सुरू झालं. मावशी चढली की काही विचारायची नाही, फक्त मॅडमच्या हातातल्या फोनकडे बघायची. मॅडम मान हलवायच्या. मावशी म्हणायची, "मले काय त्याचं," आणि सांभाराच्या जुड्या पुन्हा पुन्हा बांधायची. गाडीत एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती आणि मला ती अजिबात आवडत नव्हती.

*

परवा मॅडम मूर्तिजापूरच्या आधीपासूनच दाराशी जाऊन उभ्या होत्या. मावशी चढली, टोपलं ठेवलं, बसली. मॅडमने वाचून दाखवलं. मीनाच्या व्हिडिओत पुण्याची भाषा असते, खाली मात्र लिहिलं होतं: "इथं गोवऱ्या भेटत नाई ना, आई."

मावशी म्हणाली, "आनखीन वाचा."

"एवढंच आहे, मावशी."

"आखरीचा शबद वाचा."

मॅडमने वाचला. मावशीने पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे वळली. तिकडेच बघत म्हणाली, "आवाज कमी करा सारे."

कोणीच बोलत नव्हतं.

*

काल सकाळी नेहमीसारखी आम्ही रुमाल टाकून जागा धरली. मूर्तिजापूर आलं. मावशी चढली नाही. सर खाली उतरून स्टँडभर बघून आले. मॅडम म्हणाल्या, आपण उगीच नाक खुपसलं, तब्येत बिघडली असेल.

गजाननभाऊंनी घंटी दिली, गाडी सुटली आणि ते आमच्या सीटपाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, आदल्या संध्याकाळी पुण्याच्या गाडीवरच्या कंडक्टरचा फोन आला होता. इथे मूर्तिजापूरला एक बाई चढली, तुमचं नाव सांगते आणि ऐकायला तयार नाही म्हणाला. सोबत टोपलं नाही, भलं मोठं पोतं. काय आहे विचारलं तर म्हणे गोवऱ्या. त्याने पोत्याचं लगेज लावलं, तर त्याच्याशी भांडायला लागली.

"काय म्हणाली?" मॅडमने विचारलं.

गजाननभाऊंनी रिकाम्या जागेवरचा रुमाल उचलला, झटकला आणि पुन्हा तिथेच पसरला.

"म्हने, बाईमानसाले हाफ तिकीट हाय ना? मंग बाईमानसाच्या गोवऱ्यायले फुल काहून?"